उताराच्या जागेवर घर आहे. पावसाचं पाणी काढायला कोणते चॅनल घ्यावेत आणि ते कसे बसवावेत?

तुम्ही लिहिलंय की राजापूरजवळ डोंगरउतारावर चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर आहे, छप्पर साधारण बाराशे चौरस फूट. पावसाळ्यात अंगणात पाणी तुंबतं, मागच्या भिंतीला ओल चढते आणि दुकानदार म्हणतो की अंगणभर जाळीचे तयार चॅनल टाका. मी याच पट्ट्यात घरांची बांधकामं करतो. माझं स्पष्ट मत आहे की पैसे अंगणात घालण्याआधी घराच्या मागे घाला.

उतारावरच्या घरात अंगणात दिसणारं पाणी बहुतेक वेळा अंगणात पडलेलं नसतंच. ते वरून येतं, जोत्याला घासत घराला वळसा घालतं आणि पुढे येऊन बसतं. ते घरापर्यंत पोचायच्या आधीच बाजूला वळवायला हवं. मागच्या भिंतीपासून दहा-बारा फूट वर, उताराला आडवा, दीड फूट रुंद आणि फूटभर खोल चर घ्या. हा चर कच्चा ठेवू नका. जांभ्याची जमीन पाणी पिते, त्यामुळे कच्च्या चरातलं पाणी खाली मुरून पुन्हा तुमच्याच भिंतीशी येतं. तळाला काँक्रीट, बाजूंना चिरा आणि सांधे सिमेंटने भरून घ्या. घरासाठी डोंगर कापला असेल, तर चर दरडीच्या अगदी काठावर नको. तिथे मुरलेलं पाणी दरडच खाली आणतं.

चर खणण्याआधी पाणी सोडणार कुठे ते ठरवा. जवळ पऱ्या किंवा वहाळ, म्हणजे ओढा, असेल तर उत्तम. शेजाऱ्याच्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) पायथ्याशी सोडू नका; त्याच्या हद्दीतून न्यायचं असेल तर आधी त्याच्याशी बोला. शौचालयाच्या टाकीला किंवा शोषखड्ड्याला हे पाणी कधीही जोडू नका. पहिल्याच जोराच्या सरीत तो खड्डा भरून उलटा येईल.

आता छपराचं पाणी. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचं छप्पर सुमारे ११० चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने सर कोसळली, तर सेकंदाला साधारण ३ लिटर पाणी उतरतं. पंधरा लिटरची बादली पाच सेकंदांत भरेल एवढं. दोनपाखी छप्पर असेल तर त्यातलं निम्मं मागे पडतं. आपल्याकडे हाच वेग धरावा. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर धरून बांधलेली होती, नंतरच्या सुधारणा ५० धरून झाल्या, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कमी धरलं की काय होतं, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

पाण्याचा आकडा मोठा वाटला तरी चॅनल फार मोठा लागत नाही. सहा इंची अर्धगोल पाइप नीट ढाळ असेल आणि स्वच्छ असेल, तर सेकंदाला सात लिटर सहज वाहून नेतो. तरीही मी नऊ इंची घालतो, कारण आपल्याकडे चॅनल पाण्याने कमी आणि पाचोळ्याने जास्त भरतो. फणस, आंबा, नारळाची झापं, शिवाय वरून येणारी लाल माती. म्हणूनच घराच्या मागे आणि बाजूंना जाळी नकोच. उघडा अर्धगोल सिमेंट पाइप घाला, खराट्याने दोन मिनिटांत साफ होतो. तो भिंतीला चिकटवून नाही, तर पागोळ्या पडतात त्या रेषेखाली घाला. भिंत आणि पाइप यांच्यामध्ये कोबा करा आणि त्याला बाहेरच्या बाजूला फुटाला पाव इंच ढाळ द्या.

जाळीचा तयार चॅनल फक्त फाटकात आणि पडवीसमोर, जिथे पाय आणि चाकं जातात तिथे. घेताना भार-वर्ग विचारा. ईएन १४३३ या युरोपीय मानकात ए-१५ हा माणसांसाठी आणि सायकलींसाठी असतो, बी-१२५ मोटारीसाठी, सी-२५० त्याहून जड भारासाठी. आकडे किलोन्यूटनचे आहेत, म्हणजे १२५ म्हणजे सुमारे साडेबारा टन. तुमच्या फाटकातून चिऱ्याचा किंवा वाळूचा ट्रक आत येणार असेल तर सी-२५० घ्या. ज्या चॅनलवर वर्गाचा शिक्का नाही, तो चाकाखाली घालू नका. प्लास्टिकचा चॅनल हलका आणि कापायला सोपा असतो, पण त्याची ताकद बाजूच्या काँक्रीटमध्ये असते. पॉलिमर काँक्रीटचा महाग, पण आकार सोडत नाही. समुद्र जवळ असेल तर पातळ गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची जाळी घेऊ नका, खारी हवा तिला खाते. बिडाची जाळी घ्या आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे.

बसवण्याचं काम शेवटाकडून सुरू करा, म्हणजे पाणी बाहेर पडतं त्या तोंडापासून वर. ढाळ दहा फुटाला सव्वा इंच. चाळीस फुटांत पाच इंचांचा फरक पडतो, तो आधीच खुंट्या ठोकून आणि पाण्याच्या लेव्हल पाइपने बघून घ्या. गवंडी 'नजरेने बघतो' म्हणाला तरी ऐकू नका. चर चॅनलपेक्षा दोन्ही बाजूंना चार-चार इंच जास्त खणा, खाली चार इंच काँक्रीट घाला आणि दोरीला धरून चॅनल बसवा. बाजूंचं काँक्रीट ओतण्याआधी जाळी जागेवर बसलेली हवी, नाहीतर प्लास्टिकच्या भिंती आत दबतात आणि मग जाळी जातच नाही. जाळीचा माथा आजूबाजूच्या फरशीपेक्षा तीन ते पाच मिलिमीटर खाली ठेवा. हा फरक विसरला की पाणी चॅनलच्या कडेला येऊन थांबतं, आणि लोक चॅनलला दोष देतात. सांधे सीलंटने भरा, आठवडाभर पाणी मारा आणि मग बादल्यांनी पाणी ओतून कुठे थांबतं का ते बघा. सगळं काँक्रीट मृग लागायच्या आधी, मे महिन्यातच संपवा.

मागच्या भिंतीची ओल मात्र एवढ्याने जाईलच असं नाही. जुलैत जांभ्यातून जमिनीखालचं पाणी उमळतं, ते वरच्या चॅनलला सापडत नाही. वरचा चर करूनही ओल राहिली, तर भिंतीपासून थोडं लांब, घराच्या फरशीच्या पातळीखाली जाईल असा खोल चर घ्या. त्यात जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं) अंथरून भोकांचा पाइप आणि खडी भरा. पायाच्या तळापेक्षा खोल मात्र जाऊ नका, पाया उघडा पडतो.

चॅनल संपतो तिथे दीड फुटाचा चौकोनी चेंबर बांधा, आणि त्याचा तळ बाहेर जाणाऱ्या पाइपच्या खाली नऊ इंच ठेवा, म्हणजे माती तिथे बसेल. बाहेरचा पाइप ११० मिलिमीटरचा पुरतो, पण मी १६० चा घालतो. तुंबला तर बांबू घालता येतो. पावसात दर आठवड्याला हा गाळ काढायचा. तळाला वीतभर जागा काँक्रीटऐवजी नुसत्या खडीची सोडा, म्हणजे पाऊस थांबल्यावर राहिलेलं पाणी मुरून जातं आणि डास होत नाहीत.