सायकलची चामड्याची सीट स्प्रिंगची घ्यावी की बिनस्प्रिंगची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोजचं जाऊन-येऊन 14 किमी, महिन्यातून एक-दोनदा 80 ते 100 किमीची फेरी, वजन 82 किलो, रस्ते खराब. दुकानात दोन्ही सीटवर बसून पाहिलंत. स्प्रिंगची मऊ लागली, बिनस्प्रिंगची फळीसारखी, त्यामुळे मन स्प्रिंगकडे झुकलंय. हे सगळं लिहून झाल्यावर शेवटी जाता जाता तुम्ही म्हणता की हँडल सीटपेक्षा चार बोटं खाली आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची ओळ ती आहे. तिच्यावरून मी सरळ सांगतो, बिनस्प्रिंगची घ्या.

हे मी अनुभवावरून सांगतोय. माझी पहिली चामड्याची सीट स्प्रिंगची होती आणि ती मी नेमक्या तुमच्याच कारणासाठी घेतली होती: रस्ते वाईट, मग स्प्रिंग हवीच. सायकल ड्रॉप हँडलची, म्हणजे बऱ्यापैकी पुढे वाकून चालवायची. पहिले दोन-तीन आठवडे मी खूश होतो. मग एका लांब फेरीत, चाळीसेक किमी झाल्यावर, एका सरळ चढावर लक्षात आलं की मी प्रत्येक पायडलबरोबर वर-खाली होतोय. पाय जोरात दाबला की अंग किंचित उचललं जायचं, पाय सैल पडला की सीट खाली बसायची. मिनिटाला ऐंशी वेळा. ताकद किती वाया जात होती कोण जाणे, फार नसावी, पण त्या हलण्याने मांडीच्या आतली कातडी सोलवटली. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या नाजूक भागाला मुंग्या यायला लागल्या. घरी येऊन सीटचं नाक, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, खाली केलं, तर हातांवर भार आला. वर केलं, तर मुंग्या परत.

कारण समजायला मला बराच वेळ लागला. स्प्रिंगच्या बहुतेक सीटना स्प्रिंगा फक्त मागे असतात. नाक जागच्या जागी राहतं आणि मागची बाजू दबते. म्हणजे खड्ड्यात गेलात की सीट मागे खाली जाते आणि त्या क्षणी नाक तुलनेने वर येतं. ताठ बसणाऱ्याचा सगळा भार मागच्या रुंद भागावर असतो, त्याला हे जाणवतही नाही. पुढे वाकणाऱ्याला मात्र ते नाक दर वेळी टोचतं. सीटमध्ये खोट काहीच नव्हती, माझ्या बसण्याशी तिचा मेळ बसत नव्हता. जे चार बोटं खाली असलेलं हँडल तुम्ही सहज सांगून गेलात, ते तुम्हाला असंच पुढे बसवणार.

आता दुकानातल्या त्या 'फळी'बद्दल. बिनस्प्रिंगच्या सीटमध्ये लवचिकपणा नसतो, हा समज चामड्याच्या बाबतीत चुकीचा आहे. सीट उलटी करून पाहा. खाली लोखंडी सांगाडा, पुढे नाकाशी एक टोक, मागे कमानीसारखी पट्टी, आणि या दोघांच्या मध्ये चार-पाच मिलीमीटर जाडीचं चामडं ताणून रिवेटनी ठोकलेलं. त्याच्या खाली काहीही नाही. फोम नाही, प्लॅस्टिकचा तळ नाही, मोकळी हवा. तुम्ही झोळीत बसता. सुतळीच्या बाजेवर बसल्यावर ती जशी बसल्या जागी तेवढीच खाली जाते आणि बाकीची ताणलेली राहते, तसं. झाडांच्या सालीतल्या रसात कमावलेलं हे चामडं ऊब, घाम आणि भार यांनी जिथे दाब पडतो तिथेच मऊ होत जातं, बाकी ठिकाणी कडक राहतं.

माझी आत्ताची सीट समोर ठेवून लिहितोय. मागच्या भागात दोन उथळ खळ्या आहेत, प्रत्येकीत अंगठ्याचं पेर बसेल एवढ्या. उजवीकडची किंचित खोल आहे, कारण मी बसतोच थोडा उजवीकडे कलून. घेतली तेव्हा मधाच्या रंगाची होती, आता खळ्यांच्या कडेला जवळजवळ काळी झाली आहे. नवी असताना अंगठ्याने कितीही दाबलं तरी दबायची नाही. आता खळीत दाबलं की हलकेच खाली जाऊन परत वर येते. हे व्हायला मला पाचेकशे किमी लागले. कुणाला तीनशेत जमतं, कुणाला हजार लागतात. म्हणून दुकानातल्या पाच मिनिटांच्या बसण्यावरून चामड्याच्या सीटचा निकाल लावू नका. त्या पाच मिनिटांत स्प्रिंगची सीट नेहमीच जिंकते.

मग स्प्रिंग कुणासाठी? जो ताठ बसतो त्याच्यासाठी, आणि त्याच्यासाठी ती अगदी मनापासून सुचवेन. ती माझी पहिली सीट मी टाकली नाही, वडिलांच्या सायकलला लावली. त्यांची सायकल जुन्या घडणीची, हँडल उंच आणि मागे वळलेलं, पाठ सरळ. अशा बसण्यात धडाचं जवळजवळ सगळं वजन बैठकीच्या दोन हाडांवर येतं आणि खालून बसलेला धक्का थेट मणक्यातून वर जातो. आपण पुढे वाकलेले असतो तेव्हा भार पाय, हात आणि बूड यांत वाटला जातो. खड्डा दिसला की आपण पायडल आडवी करून नकळत बूड उचलतो, गुडघे वाकतात आणि धक्का तिथेच जिरतो. वडीलही पूर्वी गतिरोधक आला की पायडलवर उभे राहायचे. आता त्यांचे गुडघे ऐकत नाहीत, म्हणून बसूनच जातात. जे काम गुडघे करायचे ते आता स्प्रिंगा करतात. सीट बदलल्यावर महिन्याभराने ते म्हणाले, "संध्याकाळी कंबर धरून उठावं लागत नाही." त्यांच्या पायडलचा वेगही माझ्यापेक्षा पुष्कळ कमी, त्यामुळे ते वर-खाली हिंदकळणं त्यांना होतच नाही.

तुमची पाठ नक्की कशी असते हे अंदाजाने ठरवू नका. सायकल भिंतीला टेकवा, नेहमीसारखे बसा, हात नेहमीच्या जागी ठेवा आणि कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. कंबरेपासून खांद्यापर्यंत मनाने रेघ ओढा. ती जमिनीशी 45 अंशांच्या आसपास किंवा त्याहून आडवी असेल तर बिनस्प्रिंगची. जवळजवळ उभी असेल तर स्प्रिंगची, आणि रुंद. मधोमध, म्हणजे साठेक अंशांवर असाल, तर दोन्ही चालतात. तिथे वजन आणि रस्ता यांचा विचार करायचा. वजनाचं म्हणाल तर 82 किलोला स्प्रिंगा नीट दबतील. पण पन्नास किलोच्या माणसाने त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. बऱ्याच सीटच्या स्प्रिंगा इतक्या कडक असतात की हलका माणूस नुसतं त्यांचं वजन वाहत राहतो.

नावं घेऊन सांगायचं तर इंग्लंडच्या ब्रूक्सचं उदाहरण सोपं पडतं. जॉन बोल्टबी ब्रूक्स यांनी 1866 साली बर्मिंगहॅममध्ये चामड्याच्या सामानाचा धंदा सुरू केला आणि 1882 मध्ये सायकलच्या सीटचं पेटंट घेतलं. त्यांची बी 17 ही बिनस्प्रिंगची सीट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बनते आहे. फ्लायर म्हणजे तीच बी 17, फक्त मागे दोन स्प्रिंगा. बाकी सगळं सारखंच असल्यामुळे ही जोडी शेजारी ठेवून पाहिली की फरक उघड दिसतो: बी 17 चं वजन साधारण अर्धा किलो, फ्लायर त्याहून तीनेकशे ग्रॅमने जड. ताठ बसणाऱ्यासाठी बी 67, जी मागे वीस सेंटिमीटरच्या वर रुंद आहे, तर बी 17 सतराच्या आसपास. बी 66 दिसायला बी 67 सारखीच, पण तिच्या खाली दुहेरी सळ्या असतात आणि त्या आजच्या साध्या सीटपोस्टच्या, म्हणजे सीट ज्या दांड्यावर बसते त्याच्या, पकडीत बसत नाहीत. वापरलेली सीट घेणार असाल तर हे आधी तपासा. दुसऱ्या कंपन्याही चांगल्या सीट बनवतात. कुठलीही घ्या, वरचा हिशोब तोच राहतो.

रुंदीकडे मात्र दुर्लक्ष नको, ती स्प्रिंगइतकीच महत्त्वाची आहे. पन्हाळीदार पुठ्ठ्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवा, त्यावर बसा, पाय थोडे उचलून धरा. उठल्यावर दोन खड्डे दिसतील. त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा. हाडं चामड्यावर टेकली पाहिजेत, मागच्या लोखंडी पट्टीवर नाही, म्हणून सीट त्या अंतरापेक्षा चांगली चार-पाच सेंटिमीटर रुंद हवी. अरुंद सीटवर कितीही स्प्रिंगा असल्या तरी हाडं लोखंडावर आपटणार.

आता खराब रस्त्याचं काय? तुमची मूळ काळजी तीच आहे आणि ती रास्त आहे. पण आधी टायरकडे बघा. सीटची स्प्रिंग फक्त बुडाला वाचवते. मनगटं, खांदे, मान यांना तिचा काही उपयोग नाही, आणि बारीक खडीची जी सततची खरखर असते तिच्यावरही तिचा फारसा परिणाम होत नाही, ती मोठ्या धक्क्यांपुरतीच कामाची. फ्रेममध्ये जागा असेल तर 28 ऐवजी 35 किंवा 38 मिलीमीटर रुंदीचे टायर टाका आणि हवा बेताची भरा. टायर दगडासारखा टणक फुगवून वर स्प्रिंगची सीट बसवलेल्या सायकली मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि दर वेळी वाटतं की हवा थोडी कमी केली असती तरी निम्मा त्रास गेला असता.

सगळं वाचून आणि फोटो काढूनही स्प्रिंगचीच घ्यायची ठरवलीत, तर चार गोष्टी लक्षात ठेवा. सीटची उंची तुम्ही वर बसलेले असताना मोजा, कारण तुमच्या भाराने ती खाली जाते. स्प्रिंगांमुळे सीट जाडीलाही जास्त असते, तेव्हा सीटपोस्ट तेवढी खाली जाते का ते पाहा. स्प्रिंगेचं टोक जिथे सांगाड्यावर टेकतं तिथून कुईकुई आवाज यायला लागतो. तिथे तेलाचा एक थेंब पुरतो, पण तो चामड्याला लागू देऊ नका.

आणि चौथी गोष्ट, जी मी सगळ्यांना बजावून सांगतो: मागे लहान मुलाची सीट असेल तर स्प्रिंगा झाकल्याच पाहिजेत. मूल समोर दिसणारी वस्तू धरतंच. माझी भाची माझ्या वडिलांच्या सायकलवर मागच्या सीटवर बसली होती आणि तिची बोटं स्प्रिंगेच्या वेढ्यांत होती. वडील बसायच्या आत माझं लक्ष गेलं म्हणून निभावलं. एवढ्या भाराखाली त्या वेढ्यांत बोट चिरडायला एक खड्डा पुरे. त्याच दिवशी जुनी ट्यूब कापून दोन्ही स्प्रिंगांभोवती घट्ट गुंडाळली. तयार कव्हरंही मिळतात.

बिनस्प्रिंगची घेतलीत तर सुरुवातीला नाक अगदी किंचित वर ठेवा, नाहीतर गुळगुळीत चामड्यावरून पुढे घसरत राहाल आणि हात दुखतील. या सीटच्या सळ्यांचा सरळ भाग आखूड असतो, त्यामुळे हवी तेवढी मागे सरकत नाही. गरज पडली तर मागे वाकलेला सीटपोस्ट लागेल. मेण-चरबीचं जे मलम सीटसाठी मिळतं ते सुरुवातीला एकदा वरून आणि खालून लावा, मग वर्षातून दोन-तीनदा. पातळ तेलात सीट भिजवून लवकर मऊ करायचे सल्ले मिळतील, ते ऐकू नका, चामडं कायमचं ढिलं पडतं. पावसात कव्हर घाला, मागच्या चाकाला मडगार्ड असू द्या, कारण चाकावरचं पाणी खालून चामड्यात मुरतं आणि ते दिसत नाही. चिंब भिजली तर सावलीत वाळू द्या आणि पूर्ण वाळेपर्यंत तिच्यावर बसू नका, कारण ओलं चामडं भाराखाली ताणलं जातं.

नाकाखाली ताण द्यायचा एक नट असतो आणि सीटबरोबर त्याचा पाना मिळतो. पहिलं वर्षभर तो पाना कपाटात ठेवा. सीट खरंच झोळीसारखी लोंबायला लागली तर पाव फेरा द्या, पंधरा दिवस चालवून पाहा, मगच पुढचा पाव.

बाजूने काढलेला फोटो जमला तर इथे टाका. हँडल थोडं वर घेता येतं का तेही त्यात दिसेल.