पंचेचाळीस अक्षरांचा तो इंग्रजी शब्द तोडून कसा म्हणावा?

‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कॉपिकसिलिकोव्हॉल्केनोकोनिओसिस’ या शब्दाचे सिलॅबल (एका दमात उच्चारायचे तुकडे) किती आणि आघात, म्हणजे जोर, कुठे द्यायचा, असा आपला प्रश्न आहे.

स्पेलिंगमधील ४५ अक्षरे मोजू नयेत, स्वर मोजावेत. कारण एका सिलॅबलमध्ये उच्चारलेला स्वर एकच असतो. सुरुवातीचा ‘पी’ तर उच्चारातच नाही. त्या हिशेबाने १९ सिलॅबल होतात: न्यू-मो-नो-अल्-ट्रा-माय-क्रो-स्कॉ-पिक्-सि-लि-को-व्हॉल्-के-नो-को-नि-ओ-सिस्. ‘स्कॉ’ हा एकच सिलॅबल आहे. ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ करण्याची सवय असेल, तर येथे नकळत विसावा सिलॅबल तयार होतो.

आघात मात्र शेवटाकडून शोधावा. ‘ओसिस’ने संपणाऱ्या शब्दांत मुख्य आघात त्यातल्या ‘ओ’वर, म्हणजे शेवटून दुसऱ्या सिलॅबलवर पडतो. ‘ट्यूबर्क्युलोसिस’मध्ये तो ‘लो’वर आहे, ‘सिलिकोसिस’मध्ये ‘को’वर, आणि आपल्या शब्दात अठराव्या सिलॅबलवर. इतक्या लांब शब्दाला एका आघाताचा आधार पुरत नसल्याने वाटेत दुय्यम आघातही येतात. ते अल्, माय, स्कॉ, सि, के आणि सोळाव्या ‘को’वर द्यावेत. अगदी सुरुवातीला कोणी ‘न्यू’वर जोर देतो, कोणी ‘मो’वर, त्यात अडकून पडण्याचे कारण नाही. आपल्याकडे ‘व्होल्कॅनो’ असा उच्चार रूढ असला, तरी इंग्रजीत तिथे ‘के’ आहे आणि जोरही त्यावरच आहे.

मराठी माणसाची खरी अडचण आघात देण्यात नसून तो न देण्यात आहे, असे मला वाटते. आपण प्रत्येक अक्षराला त्याचा पूर्ण स्वर देतो. इंग्रजीत मात्र आघात नसलेला स्वर बहुधा आखडतो, म्हणून ‘ट्रा’ आणि ‘क्रो’ हे जवळजवळ ‘ट्र’ आणि ‘क्र’ असे ऐकू येतात.

हा शब्द १९३५ च्या सुमारास अमेरिकेतील कोडेप्रेमींच्या वर्तुळात केवळ लांबीसाठी घडवला गेला. सिलिका या वाळूतल्या खनिजाच्या बारीक धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला डॉक्टर ‘सिलिकोसिस’च म्हणतात. तरीही शब्दाचे तुकडे अर्थपूर्ण आहेत: फुप्फुस, अतिसूक्ष्म, सिलिका, ज्वालामुखी, धूळ, विकार. पाठ करताना हेच तुकडे उलट क्रमाने जोडावेत; आधी ‘कोनिओसिस’, मग ‘व्हॉल्केनोकोनिओसिस’, मग त्याच्या सुरुवातीला ‘सिलिको’. असे केल्याने प्रत्येक वेळी शेवट तोच राहतो आणि ‘ओ’वरचा जोर ढळत नाही.