दुसऱ्याच्या गळ्यात

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी ई-मेल नातवाकडून छापून घेतली आणि पेन्सिल घेऊन बसलो. सवयच ती. तुमच्याकडच्या बुवांच्या शोकसभेत ‘बुवांचा वारसा’ या विषयावर एकामागून एक वक्ते बोलले आणि त्यांची एक चीज, एक बंदिश म्हणणारं त्या सभागृहात कुणी निघालं नाही. हे बघून तुझ्या पोटात गोळा आला, आणि तेव्हापासून ‘माझ्या मागे काय राहणार’ हा भुंगा तुझं डोकं पोखरतोय. अठ्ठाविसाव्या वर्षी हा प्रश्न पडला म्हणून हसणारे हसतील. मी हसणार नाही.

पण खाली तू जी यादी दिली आहेस ती वाचून मात्र चिडलो. स्वतःच्या बंदिशींचा अल्बम. यूट्यूब चॅनेल. आमच्या गुरुजींच्या नावाने ट्रस्ट, दरवर्षी पुरस्कार. मी दिलेल्या वह्यांचं ‘डिजिटल जतन’. आणि सगळ्यात शेवटी, तक्रारीच्या सुरात दोन ओळी: कोथरूडच्या बाईंचे गुडघे गेले, त्या मुलांचा क्लास बंद करताहेत, तू घेशील का म्हणून विचारत होत्या, पण आठवड्यातल्या दोन संध्याकाळी जातील आणि प्रारंभिक परीक्षेच्या पोरांकडून अलंकार घोटून घेण्यात आवाज खर्च होईल. त्या दोन ओळींखाली मी रेघ मारली आहे. बाकीचं पत्र तू लिहिलं नसतंस तरी चाललं असतं.

गाणाऱ्याचं मागे काय राहतं? दुसऱ्याच्या गळ्यात उतरलं तेवढंच. मी हे तुला पूर्वीही सांगितलंय आणि या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, तेव्हा कंटाळू नकोस.

जुन्या काळचे मोठे गवई भास्करबुवा बखले घे. १९२२ साली गेले. त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका मागे राहिली नाही. बुवा कसे गायचे हे आज जिवंत असलेल्या कुणीही ऐकलेलं नाही. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर, तिन्ही घराण्यांची तालीम त्या एका माणसाने घेतली. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ. एवढं सोसून मिळवलेलं त्यांनी काय केलं? वाटलं. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, गोविंदराव टेंबे, ज्याला जे पेलेल ते दिलं. पुण्यात १९११ साली भारत गायन समाज काढला. ‘स्वयंवर’ नाटकाला १९१६ मध्ये चाली दिल्या, आणि आजही गल्लीतल्या गणेशोत्सवात एखादी मुलगी ‘नाथ हा माझा’ म्हणते तेव्हा तिला बुवांचं नावसुद्धा ठाऊक नसतं. तुझ्या यादीतलं यात काही बसतं का बघ.

तू म्हणशील, सर, तेव्हा रेकॉर्डिंगची सोय तरी कुठे होती? होती की. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका आहेतच. आमच्या मिरजेत त्यांची पुण्यतिथी होते तेव्हा अजून लोक त्यांतल्या जागा गुणगुणतात. तू हेही म्हणशील की खाँसाहेबांची ‘पिया बिन नाही आवत चैन’ ऐकूनच लहानग्या भीमसेनने घर सोडलं. अगदी खरं. ध्वनिमुद्रिकेने मुलगा घराबाहेर काढला, एवढी तिची ताकद मी मान्य करतो. पण तो मुलगा नुसती तबकडी ऐकत बसला नाही, गावोगाव भटकून शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या दारात जाऊन पडला. पाणी भरलं आणि तालीम घेतली. खाँसाहेबांचा सूर त्याच्यापर्यंत आला तो खाँसाहेबांच्या शिष्याच्या गळ्यातून.

अल्लादिया खाँसाहेबांनी तर ध्वनिमुद्रिका दिलीच नाही. १९४६ साली गेले. त्यांची जयपूर घराण्याची गायकी टिकली ती शिष्या मोगूबाई कुर्डीकरांच्या, केसरबाई केरकरांच्या, आणि खाँसाहेबांच्या मुलांच्या गळ्यात. आणि केसरबाई! त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, ‘जात कहाँ हो’. त्याच वर्षी बाई वारल्या. याहून मोठं स्मारक कुणा गाणाऱ्याच्या वाट्याला आलं असेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी मनापासून तालीम दिली ती जवळजवळ एकट्या धोंडूताईंना. आज जयपूरच्या वाटेने जाणारी पोरं मोजलीस तर मोगूबाईंच्या आणि त्यांच्या मुलीच्या, किशोरीताईंच्या बाजूची जास्त भरतील. केसरबाईंचं गाणं लहान होतं असं कोण म्हणेल? माझी छाती नाही. मी फक्त पोरं मोजतोय.

आता वह्यांकडे येतो, कारण तिथे माझं दुखतं.

तू स्कॅन करून पाठवलेल्या फाइली पाहिल्या. रागवार लावल्यास, नावं नीट दिलीस, शाईचे डागसुद्धा स्वच्छ दिसतात. देवगिरी बिलावल रागाचं पान उघड. तिलवाडा तालातला विलंबित ख्याल आहे. अस्ताईखाली, म्हणजे चिजेच्या पहिल्या भागाखाली, सोळा मात्रांच्या ओळी आखून स्वर भरले आहेत, मंद्राचे टिंब, एका मात्रेतल्या स्वरांखालचे अर्धचंद्र, सगळं माझ्या हातचं. त्याखाली अंतऱ्याचे, दुसऱ्या भागाचे, शब्द आहेत आणि स्वरांच्या ओळी कोऱ्या. स्कॅनरचा दोष नाही तो. गुरुजी म्हणायचे, ‘आधी अस्ताई पिकू दे.’ ती पिकेपर्यंत त्यांना अर्धांग झालं आणि वाचा गेली. पुढे मी त्यांच्या दोन जुन्या शिष्यांकडे जाऊन अंतरा मागितला. दोघांनी म्हणून दाखवला, दोघांचे एकमेकांशी जुळेनात, आणि दोन्हींत गुरुजींचा धैवत नव्हता. मंडळी सांगतात, मास्तर, तुम्हीच बसवून टाका, कोण विचारतंय? मी बसवणार नाही. त्या ओळी कोऱ्याच राहतील. तुझी फाइल कितीही सुबक असली तरी तिच्यात तो अंतरा नाही, कारण तो कुणाच्या गळ्यात उतरलाच नाही.

आणि जी पानं पूर्ण आहेत ती तरी वाचून कुणाला गाता येतील? भातखंड्यांना हे कळत होतं. वकिलीतला माणूस, गावोगाव जाऊन खाँसाहेबांच्या मनधरण्या करून चिजा मिळवल्या, ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापून सगळ्यांसाठी खुल्या केल्या. त्या काळी घराण्याची खासगी चीज बाहेर देणं म्हणजे पोरीच्या लग्नातले दागिने रस्त्यावर मांडण्यासारखं वाटायचं लोकांना. त्यांनी मांडले. पण छापून ते स्वस्थ बसले का? १९२६ साली लखनौला कॉलेज उभं केलं. पुस्तक आणि गळा यांच्यामध्ये एक शिकवणारा माणूस लागतो हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. तुला अजून पटत नाही. तुला वाटतं, ड्राइव्हवर चढवलं की जतन झालं.

ट्रस्ट आणि पुरस्काराबद्दल फार लिहीत नाही. शाल, श्रीफळ, फ्लेक्स, अध्यक्षांना उशीर. गुरूच्या नावाने उत्सव भीमसेनजींनीही सुरू केला, १९५३ साली, पण तोवर गुरूचं गाणं त्यांच्या गळ्यात होतं. आमच्या गुरुजींचं काय तुझ्या गळ्यात आहे ते आधी सांग. मग पुरस्काराचं बघू.

रागावलीस? राग. मला तुझी धास्ती कळते. नोकरी आहे, पहाटेचा तासभर रियाज कसाबसा होतो, बरोबरीच्या मुली महोत्सवात गाताहेत आणि तू सोमवारी सकाळी मीटिंगला बसतेस. अशात कुणी सांगितलं की बाई, आता पोरांना सा लावायला शिकव, तर ती हार मानल्यासारखं वाटतं. ते मलाही ऐकावं लागलंय. ‘मास्तर शिकवण्यांत अडकले, नाहीतर कुठल्या कुठे गेले असते.’ माझ्यासमोर, माझ्या घरचा चहा पिताना म्हणालेत लोक. आकाशवाणीची बी-हाय श्रेणी होती मला. मुंबईत राहायची सोय होती. मी सांगली सोडली नाही. विचारणाऱ्याला आईच्या आजारपणाचं कारण सांगायचो. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मैफलीत मला समोरची माणसं दिसायची, कोण घड्याळ बघतंय, कोण उठलंय. तालमीत फक्त गाणं दिसायचं. तेच मला आवडायचं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट असं ज्याला म्हणायचंय त्याने म्हणावं. या वयात कुणाची समजूत घालत बसायला मला वेळ नाही.

पण तुला एक सांगतो, जे त्या चहा पिणाऱ्यांना कधी सांगितलं नाही. परीक्षक म्हणून मी एकदा सोलापूरकडे गेलो होतो. प्रवेशिकेची मुलगी, दोन वेण्या, हातात परीक्षेचा कागद घामाने भिजलेला. भूप रागातला छोटा ख्याल म्हणाली. पुस्तकात त्या चिजेचा मुखडा, म्हणजे समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर नेणारी सुरुवातीची ओळ, ‘खाली’वरून, नवव्या मात्रेला उठतो. सगळे तसाच घेतात. आमचे गुरुजी तिथे अडीच मात्रा नुसते थांबायचे आणि उरलेल्या साडेपाच मात्रांत सगळा मुखडा बसवून अलगद समेवर यायचे. ती मुलगी थांबली. मला वाटलं, विसरली. बरोबर अडीच मात्रांनी उठली आणि समेवर आली. तबलजीने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, कुणी शिकवलं? तिच्या गावच्या शाळेतल्या बाईंनी. त्यांना कुणी? तिला माहीत नव्हतं. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, त्या बाई माझ्या एका गुरुबंधूकडे इचलकरंजीत थोडे दिवस शिकल्या होत्या. गुरुजींचं नाव त्या मुलीने जन्मात ऐकलं नव्हतं. गुण मी नियमाप्रमाणेच दिले, तानांत बेसूर होती.

नाव राहावं असं तुला वाटतं ना, ते राहीलच असं नाही. त्यावर तुझा काही हक्क चालत नाही. अडीच मात्रांचं ते थांबणं राहिलं. कुणीतरी, कधीतरी, एका संध्याकाळी कुणाकडून तरी ते दहादा म्हणून घेतलं म्हणून राहिलं.

शिवाय जे देशील ते तसंच्या तसं राहणार नाही, याचीही तयारी ठेव. हा भाग मला स्वतःला जमलेला नाही. माझ्याच एका विद्यार्थ्याने गुरुजींची तोडीतली चीज गिटारवर बसवली, लय दुप्पट केली, अंतरा गाळला आणि वर ‘पारंपरिक’ लिहून मोकळा झाला. मी बरेच महिने त्याच्याशी बोललो नाही. आता बोलतो, पण तोडीचा विषय काढत नाही. दिलेली चीज दुसऱ्याच्या गळ्यात वाढते, तशी कधी वाकडीही वाढते. मग द्यायचीच नाही का? देवगिरीचा अंतरा वाकडा का होईना, कुठेतरी असता तर मी आज त्याला शिव्या देत बसलो असतो. शिव्या द्यायला तरी काहीतरी हवं.

स्वतःच्या बंदिशी करतेस, कर. त्यांतली मारव्याची मला आवडली, मुखड्यात ‘रे’वर थोडी जास्त रेंगाळतेस, तेवढं कमी कर. अल्बमही कर हवं तर, पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. पण त्या बंदिशींतली एक तरी दुसऱ्या कुणाला शिकवून बघ. शिकवताना कळेल कुठे शब्द मात्रेत मावत नाही, कुठे तू फक्त तुझ्या गळ्याच्या सोयीने जागा घेतली आहेस. ती मुलगी ज्या जागी अडखळेल तिथे दहांतल्या नऊ वेळा दोष चिजेचा असतो.

क्लासबद्दल थोडं. पहिले काही दिवस हार्मोनियम उघडू नकोस, तानपुरा लाव आणि मुलांना नुसता सा लावू दे. कंटाळतील, आया कुरकुरतील, परीक्षेचा अभ्यासक्रम कधी पुरा होणार म्हणून विचारतील. विचारू दे. आवाज खर्च होण्याची भीती वाटते तर तू कमी गा आणि त्यांना गायला लाव. मी तुला शिकवलं तेव्हा वर्षभर तुझ्याहून हळू गात होतो, तुझ्या लक्षातही आलं नाही. मोठ्या मुलांना भूपातली ती चीज दे, अडीच मात्रांसकट. हाताने मात्रा मोजू देऊ नकोस, पायाने तर नाहीच.

तुझ्या तानपुऱ्याची जवारी, घोडीवरची ती घासलेली बैठक, उतरली आहे, मागच्या खेपेला फोनवरसुद्धा कळत होतं. दिवाळीला येशील तेव्हा मिरजेला नेऊ. स्वतः दोऱ्यांशी खेळत बसू नकोस.

कोथरूडच्या बाईंचा काल फोन आला होता. एक तारखेला त्या खोली सोडताहेत, मालकाला सांगायचं होतं. मी ‘ती येतेय’ असं सांगून टाकलं आहे. जमणार नसेल तर तूच त्यांना फोन करून नाही म्हण, माझ्याकडून निरोप मिळणार नाही.

तुझा,
सर