शिक्रा पिल्लं नेतो, औषध घालू का?

या महिन्यात शिक्रा या शिकारी पक्ष्यावरचे दोन प्रश्न आले. जुन्नर भागातल्या एका ताईंनी लिहिलंय: "पंधरा दिवसांत गावरान कोंबडीची नऊ पिल्लं शिक्र्याने नेली. कोणतं औषध घालून ठेवू?" दौंडकडच्या एका तरुण शेतकऱ्याच्या जपानी लाव्ह्याच्या शेडला चांगली जाळी आहे, तरी शिकारी पक्षी बाहेर येऊन बसला की आतले दोन-चार लाव्हे मरतात.

ताई, औषधाचा विचार आधी सोडा. शिक्रा, घार, गरुड, घुबड या सगळ्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना मारणं, पकडणं हा गुन्हा आहे आणि त्यात तुरुंगवासही होतो. शिवाय विषाचा उपयोगही नाही. शिक्रा जिवंत, हलतं पिल्लू उचलतो. विष भरून ठेवलेल्या मेलेल्या पिल्लाकडे तो सहसा वळत नाही. एका वस्तीवर मी हा प्रकार पाहिलाय. ते पिल्लू शेवटी घरच्याच कुत्र्याने खाल्लं आणि गोठ्यामागे पाय ताठ करून पडलेला तो कुत्रा मला अजून दिसतो.

नऊच्या नऊ पिल्लं शिक्र्यानेच नेली का, हेही बघा. शिक्रा जवळपास कबुतराएवढा असतो, मोठी कोंबडी त्याला उचलत नाही. तो पिल्लू झाडावर किंवा बांधावर नेऊन पिसं उपटतो, ती एका जागी पडलेली सापडतात. पिसांचे देठ चावलेले असतील तर ते मांजराचं काम समजा. रात्रीतून पिल्लं गायब होत असतील तर घूस, साप किंवा रानमांजर असणार, कारण शिक्रा दिवसाच शिकार करतो. कावळाही लहान पिल्लं उचलतो, त्याच्यावर मात्र कोणी संशय घेत नाही. आणि पांढरी-करडी, लाल डोळ्यांची, शेतावर एकाच जागी पंख मारत थांबणारी कापशी घार दिसली तर तिला दगड मारू नका. ती मुख्यतः उंदरांवर जगते. तुमच्या हरभऱ्यात तिच्यासाठी उलट एखादा पक्षीथांबा रोवा.

आता इलाज. पहिले आठ आठवडे पिल्लांच्या डोक्यावर आडोसा हवा. डालगं झाकून ठेवलं तर ऊन आणि चारा मिळत नाही, म्हणून खुराड्याला लागून दहा बाय दहाचं कुंपण करा आणि वरूनही इंचभर भोकांची जाळी ताणून बांधा. जाळी सैल राहिली तर पक्षी अडकून मरतो, पिल्लंही गुंततात. जाळीचा खर्च जड वाटत असेल तर दोडक्याचा किंवा घोसाळ्याचा मांडव घाला. खाली सावली, वर भाजी, आणि शिक्र्याला वरून झेप घेता येत नाही. मोठी पिल्लं बाहेर सोडाल तेव्हा तुरीच्या ओळी किंवा शेवग्याची झाडं जवळ असू द्या. कोंबडीने धोक्याचा आवाज काढला की पिल्लांना चार पावलांत लपता आलं पाहिजे. चकाकत्या पट्ट्यांना पक्षी लवकरच सरावतात, त्यावर पैसे घालू नका.

पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडी (राणीखेत) रोगावरची लासोटा लस चुकवू नका. मानमोडीने जातात तेवढी पिल्लं शिक्रा नेत नाही, आणि कोपऱ्यात पेंगणारं पिल्लूच आधी उचललं जातं.

दौंडच्या मित्राला: तुमचे लाव्हे शिक्र्याच्या नखांनी मरत नाहीत, भीतीने मरतात. लाव्हा दचकला की सरळ वर उसळतो आणि डोकं छताला आपटतं. छताखाली वीतभर अंतरावर मऊ नायलॉनची जाळी सैलसर ताणा, म्हणजे डोकं छताऐवजी तिला लागेल. बाजूच्या जाळीला खालून दोन फूट शेडनेट लावा, म्हणजे बाहेर बसलेला पक्षी आतल्यांना दिसणार नाही. शेडजवळचा वाळका खुंट किंवा विनाकामाचा खांब त्याची बसायची जागा झाला असेल, तर तो काढून टाका. आणि माळरानावरचे लाव्हे-तित्तर पकडून शेडमध्ये भरू नका, तेही याच कायद्यात येतात.

उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोन ठेवत असाल तर मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरा. विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाने गिळला तर तेही मरू शकतं, आणि मग पुढच्या हंगामात उंदीर वाढतात.

ताई, मार्च ते जून शिक्र्याच्या घरट्यात पिल्लं असतात, तेव्हा त्याच्या झडपा वाढतात. पुढची खुडूक कोंबडी अंड्यांवर डिसेंबरच्या सुरुवातीला बसवा. एकवीस दिवसांनी पिल्लं निघतील आणि फेब्रुवारी संपायच्या आत आठ आठवड्यांची होतील. मांडवाचे खांब त्याआधी उभे करा, वेल चढायला दीड महिना लागतो.