परदेशात हरवले तर?

"लेकीकडे टोकियोला चाललेय. ती दिवसभर ऑफिसात. मग मी महिनाभर घरातच बसून राहायचं का?" ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका काकूंचा हा प्रश्न. साठी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका, यजमान गेल्याला फार दिवस झाले नव्हते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) परदेशात एकट्याने फिरायचं म्हटलं की ही धास्ती पुष्कळांना असते. भाषा येत नाही, हरवलो तर?

घरचे म्हणत होते, "काही होत नाही गं, मोबाईलवर नकाशा आहे ना!" अशा धीराने भीती तासभर निवते आणि परत डोकं वर काढते, कारण प्रश्न तसाच अर्धा राहिलेला असतो. 'हरवले तर'पाशी आपण थांबतो आणि पुढचं सगळं मन स्वतःच रंगवत बसतं. म्हणून मी म्हटलं, "काकू, हरवलात असं धरू. पुढे काय?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लोक काय म्हणतील? एवढी शिकलेली बाई आणि रस्ता विचारत फिरते." जन्मभर तिकीट यजमानांनी काढलं, चौकशी त्यांनीच केली. खरी गाठ इथे होती. हरवण्यापेक्षा विचारण्याची लाज मोठी होती.

वहीत दोन रकाने आखले, भीती आणि तिचं उत्तर. उलट दिशेची गाडी पकडली तर? टोकियोची यामानोते लाईन वर्तुळाकार आहे, 30 स्टेशनं, पूर्ण फेरी साधारण तासाभराची. बसून राहिलं तर आपलं स्टेशन उशिरा का होईना, येतं. स्टेशनांना क्रमांकही आहेत, उएनो जेवाय 05, शिंजुकू जेवाय 17. आकडे चढताहेत की उतरताहेत, एवढं पाहिलं की दिशा कळते. भलत्याच दाराने बाहेर पडले तर? शिंजुकूला 200 च्या वर दारं आहेत, तिथे रोज कितीतरी जण चुकतात. जवळपास 'कोबान' म्हणजे छोटी पोलीस चौकी असते आणि रस्ता सांगणं हे तिथल्या पोलिसांचं नेहमीचंच काम. लेकीचा पत्ता जपानीत लिहिलेलं कार्ड पर्समध्ये, शेजारी पासपोर्ट. पर्यटकाने तो कायम जवळ बाळगावा असा तिथला कायदाच आहे. पोलिसांसाठी 110, रुग्णवाहिकेसाठी 119.

पण नुसत्या वहीने भीती जात नाही, बाहेर पडावंच लागतं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने बेलापूर आणि तिथून नवी मुंबई मेट्रो, असं ठरलं. 2023 मध्ये सुरू झालेल्या या मेट्रोत काकू कधी बसल्या नव्हत्या. मधेच कुठेतरी उतरायचं, अनोळखी माणसाला रस्ता विचारायचा आणि लेकीला फोन करायचा नाही. उत्सव चौकाला उतरून त्या पर्स छातीशी धरून जिन्याजवळ उभ्या राहिल्या. दोन माणसं गेली, तोंडातून शब्द फुटेना. शेवटी वॉचमनला विचारलं. त्याने चहाचा कप हातातून खाली न ठेवता मानेनेच दाखवलं, "सरळ जाऊन डावीकडे." पुढच्या भेटीत त्या नवलाने सांगत होत्या, "अहो, त्याने माझ्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही!" माझ्या दहा वाक्यांनी झालं नसतं ते त्या वॉचमनने केलं. त्यानंतर त्या आपणहून मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत, पेंधरपर्यंत जाऊ लागल्या.

लेकीलाही एक सांगितलं. लाइव्ह लोकेशन चालू असू दे, पण तासातासाला 'कुठे आहेस?' विचारू नकोस. त्या मेसेजमधून आईला एवढंच ऐकू येतं की हिला माझी खात्री नाही.

बाहेर पडायच्या विचारानेच छातीत धडधडत असेल, श्वास कोंडत असेल, तर मात्र असे सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या.

काकूंचा व्हॉइस मेसेज आला तो शिंजुकूहून. भलत्याच दाराने बाहेर आल्या होत्या. कोबानमध्ये कार्ड दाखवलं, पोलिसाने नकाशावर बोट ठेवून वाट दाखवली, त्यांनी ती वहीत उतरवून घेतली. बसने जायला मात्र अजून धजत नाहीत, कुठे उतरायचं ते कळत नाही म्हणतात. त्यावर पुढच्या फोनवर बोलायचं ठरलंय.