दुसऱ्या देशातील परवानाधारक औषध दुकानातून चिठ्ठीवरचे औषध मागवणे बेकायदा कसे ठरते?

आपला प्रश्न असा आहे : विक्रेत्याकडे त्याच्या देशाचा रीतसर परवाना आहे, आपल्याजवळ डॉक्टरांची खरी चिठ्ठी आहे, औषधही तेच आहे, मग मध्ये केवळ सीमा आली म्हणून व्यवहार बेकायदा का व्हावा? या तिन्ही गोष्टी खऱ्या असल्या, तरी त्यांपैकी एकही सीमेपलीकडे आपोआप लागू होत नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

औषध विकण्याचा परवाना त्या त्या देशापुरता असतो, आणि औषधाला मिळालेली मान्यताही देशापुरतीच असते. ती मान्यता केवळ आतल्या रसायनाला नसून उत्पादनाचे ठिकाण, मात्रा, वेष्टन आणि माहितीपत्रक यांसह दिलेली असते. त्यामुळे त्याच कंपनीची, त्याच नावाची गोळी शेजारच्या देशासाठी तयार झालेली असेल, तर ती आपल्या देशात कायद्याने ‘अमान्य औषध’ ठरू शकते. शिवाय विक्रेता परदेशात असल्यामुळे पार्सल मागवणारी व्यक्ती कायद्याच्या नजरेत नुसती ग्राहक राहत नाही, ती आयातदार होते. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

युरोपीय संघाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, कारण मालाच्या मुक्त वाहतुकीवर उभ्या असलेल्या त्या बाजारपेठेतही चिठ्ठीवरचे औषध वेगळे ठेवले गेले आहे. डॉकमॉरिस हे नेदरलँड्समधील औषध दुकान २००० सालापासून जर्मन रुग्णांना टपालाने औषधे पाठवत होते आणि जर्मन औषधविक्रेत्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध दावा केला. ११ डिसेंबर २००३ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की बिनचिठ्ठीच्या औषधांच्या टपाल-विक्रीवर सरसकट बंदी घालता येणार नाही, परंतु चिठ्ठीच्या औषधांवर घालता येईल. चिठ्ठी खरी आहे का आणि औषध योग्य व्यक्तीच्याच हाती पडते का, याची खात्री करणे आवश्यक आहे, तसेच परक्या भाषेतील वेष्टनामुळे होणारी चूक अशा औषधांच्या बाबतीत अधिक घातक ठरू शकते, ही त्यामागची कारणे होती. गंमत अशी की जर्मनीने स्वतःच १ जानेवारी २००४ पासून चिठ्ठीवरच्या औषधांच्या टपाल-विक्रीला वाट मोकळी केली. म्हणजे बंदी घालण्याचा अधिकार मान्य झाला आणि तो वापरायचा की नाही, हे ज्या त्या देशावर राहिले. पुढे बनावट औषधांविरुद्धच्या २०११ च्या निर्देशाने हीच विभागणी कायम ठेवली आणि ऑनलाइन विकले जाणारे औषध, ते ज्या देशात पोहोचणार आहे त्या देशाच्या कायद्यात बसले पाहिजे, अशी अट घातली. एका सदस्य देशातील चिठ्ठी दुसऱ्या सदस्य देशात साधारणपणे मान्य होते हे खरे आहे, परंतु तिकडच्या दुकानात स्वतः जाऊन औषध घेणे आणि तेच टपालाने घरी मागवणे या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेचा नियम याहून कडक आहे. स्वतःच्या वापरासाठी तीन महिन्यांपुरते औषध परदेशातून मागवता येते, असे अनेक विक्रेते बिनदिक्कत सांगतात, ते अर्धसत्य आहे. तेथील अन्न व औषध प्रशासन गंभीर आजारात, देशात परिणामकारक उपचार उपलब्ध नसल्यास, साधारण तेवढ्या साठ्याकडे काणाडोळा करू शकते. ती अधिकाऱ्यांना दिलेली मुभा आहे, रुग्णाचा हक्क नव्हे. केवळ स्वस्त मिळते म्हणून मागवलेल्या औषधाला ती लागू होत नाही. जाहिरात करणाराही यातून सुटत नाही : कॅनडातील ऑनलाइन औषध दुकानांच्या अमेरिकी ग्राहकांसाठीच्या जाहिराती दाखवल्याबद्दल गूगलला २०११ मध्ये ५० कोटी डॉलर भरावे लागले.

निर्बंध नेहमी आयात करणाऱ्या देशाचेच असतात असेही नाही. आपल्याकडे टंचाई निर्माण होईल किंवा वाढेल अशी औषधे देशाबाहेर पाठवण्यास कॅनडाने नोव्हेंबर २०२० मध्ये मनाई केली.

आपण औषधाचे नाव लिहिलेले नाही, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. ते मॉर्फिनसारखे तीव्र वेदनाशामक किंवा काही विशिष्ट झोपेच्या गोळ्यांपैकी असेल, तर वरील चर्चेतील सवलतींवर विसंबू नये. अशा द्रव्यांवर १९६१ आणि १९७१ चे आंतरराष्ट्रीय करार लागू होतात, आणि मॉर्फिनसारख्या द्रव्याच्या प्रत्येक आयात-निर्यातीला दोन्ही देशांच्या सरकारांची स्वतंत्र परवानगी लागते. साधे औषध असेल, तर विक्रेत्याला तो त्याच्या देशात परवानाधारक आहे का, हे न विचारता आपल्या देशात हे औषध पाठवण्याचा अधिकार त्याला कोणत्या नियमाने मिळाला, हे लेखी विचारावे आणि ते उत्तर पैसे भरण्यापूर्वी आपल्या देशाच्या औषध नियामकाकडे पडताळून पाहावे.