दहापैकी सात जणांना नोकरी लागली, तर योजना यशस्वी म्हणायची का?

नाही. नुसत्या या आकड्यावरून काहीच कळत नाही. योजना नसती तर किती जणांना लागली असती, ते आधी सांगा.

दीर्घकाळ बेरोजगार असलेल्यांच्या अशाच एका प्रशिक्षण योजनेत मी चार वर्षं काम केलं. प्रशिक्षण संपून सहा महिने झाले की फोन करून ‘कामावर आहात का?’ विचारायचं. एक गृहस्थ म्हणाले, "आहे, पण ते जुन्या मालकानं दिलंय. तुमचा वर्ग सुरू व्हायच्या आधीच बोलणं झालं होतं." माझ्या फॉर्मवर चौकटी दोनच, लागली आणि नाही लागली. मी ‘लागली’वर खूण केली. त्याच आठवड्यात नाकारलेल्या अर्जांचा गठ्ठा हाती आला. तीन वर्षं घरी बसलेल्या एका बाईंच्या अर्जावर कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलं होतं, ‘अवघड’. ज्यांना तशीही नोकरी लागली असती, त्यांनाच आम्ही निवडत होतो.

मी वरिष्ठांना म्हटलं, जागा कमी आणि अर्ज जास्त आहेत, तर चिठ्ठ्या टाकू आणि नाव न निघालेल्यांनाही फोन करू. ते भडकले. "गरजू माणसाला नशिबावर सोडायचं?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

आता आहे. 1986 मध्ये रॉबर्ट लालोंड या अर्थशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या एका रोजगार योजनेची सोडतीवरून निघालेली उत्तरं घेतली आणि सोडतीशिवाय, इकडून तिकडून जुळवलेल्या गटांशी तुलना करून निघालेल्या उत्तरांशी ताडून पाहिली. दोन्हींत मोठी तफावत निघाली, म्हणजे सोडतीशिवाय काढलेल्या उत्तरावर भरवसा ठेवता येईलच असं नाही. फ्रान्समध्ये तर कोणत्या भागात किती जणांना नोकरी शोधायला मदत द्यायची हेही सोडतीनं ठरवलं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की मदत मिळालेल्यांचा फायदा काही अंशी मदत न मिळालेल्यांच्या नोकऱ्या हुकून झाला होता, आणि तो फार टिकलाही नाही. हे कुठल्याही ‘लागली’च्या चौकटीत दिसत नाही.

सोडत सगळीकडे जमत नाही, हे मान्य. आणि माझी सहा महिन्यांची मुदतही चुकीचीच होती. कार्ड, क्लूव्ह आणि वेबर या अर्थशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले. अशा योजनांचा परिणाम सुरुवातीला सरासरी शून्याच्या आसपास दिसतो, दोन-तीन वर्षांनी वाढतो. त्यातही स्त्रियांना आणि दीर्घकाळ बेरोजगार असलेल्यांना जास्त फायदा होतो. म्हणजे पेन्सिलनं ‘अवघड’ लिहिलेल्यांनाच. चिठ्ठ्या टाकल्या असत्या, तर त्या बाईंचं नाव निदान त्यांत असतं.